रिकामे बसलाय, तर तंबोरा धरा

गाणं शिकायची हौस माझी नव्हे, बायकोची. शाळेतून निवृत्त झाल्यावर तिने साताऱ्यात मंगळवार पेठेतल्या एका बाईंकडे शास्त्रीय गाण्याची शिकवणी लावली. तिला संध्याकाळी सोडायचं आणि तासाभराने घेऊन यायचं, एवढंच माझं काम. मधला वेळ मी बाईंच्या ओटीवर पेपर वाचत काढायचो. टपाल खात्यात जन्म गेल्यामुळे कुठेही बसून राहायची मला सवय आहे. एकदा तंबोऱ्यावर बसणारी मुलगी परीक्षेमुळे आली नाही आणि बाईंनी आतून हाक मारली, "अहो, रिकामे बसलाय तर तंबोरा धरा जरा." चार तारा. पडदे नाहीत, डाव्या हाताला काम नाही. एकामागून एक तार छेडायची, चौथी झाली की पुन्हा पहिली. वाद्यांच्या दुनियेत याहून सोपी नोकरी नसेल, असं माझं तेव्हाचं मत. बायकोचंही तेच असावं, कारण ती म्हणाली, "यांना जमेल हे."

आत गेल्यावर पहिला प्रश्न धरायचं कसं. बाईंनी भोपळा मांडीशी टेकवून दिला, दांडी माझ्या कानाशी आणली आणि अवयव सांगितले. खालचा गोल तो भोपळा. त्याच्या तोंडावर बसवलेली लाकडी फळी ती तबली. तबलीवर जो हाडाचा बसका, रुंद तुकडा असतो आणि ज्याच्या पाठीवरून तारा जातात, ती घोडी. वरच्या टोकाला खुंट्या. आता पहिली तार पंचमाची, ती मधल्या बोटाने. पुढच्या दोन तारा म्हणजे जोड, दोन्ही षड्जात लावलेल्या. शेवटची जाड पितळी तार खर्जाची, म्हणजे तोच षड्ज पण एक सप्तक खाली. या तिन्ही तर्जनीने. मला वाटलं चार तारांना चार बोटं लावली तर काम लवकर होईल. तसं केल्यावर बाई गायच्या थांबल्या आणि म्हणाल्या, "कापूस पिंजताय का?" तार ओरबाडायची नसते, बोटाचं पेर तिच्यावरून नुसतं सरकवायचं असतं, हे त्यांनी माझं बोट धरून दाखवलं. नातवाला पाटीवर श्रीगणेशा गिरवायला लावतात, त्या आवाजात.

बोट जरा सरळ चालायला लागलं तेव्हा बायकोची बंदिश सुरू झाली होती. मोबाइलवर तीनतालाचा ठेका लावलेला. सोळा मात्रा, चार तारा, हिशेब अगदी चोख बसत होता. मी समेवर बरोबर पंचम टाकायला लागलो आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. बाईंनी हात वर केला. तंबोऱ्याला ताल नसतो. तो ठेक्याच्या बाहेर, आपल्याच चालीने चालत राहिला पाहिजे. तबला द्रुत लयीत गेला तरी तंबोऱ्याने पळायचं नाही, गाणारा थांबला तरी तंबोऱ्याने थांबायचं नाही. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात शेजारी ठेका चालू असताना त्याच्याशी न जुळवता बोट चालवणं म्हणजे पायाने एक आणि हाताने दुसरंच काहीतरी करणं. पुढच्या वेळी ती परीक्षावाली मुलगी आली. सातवीत आहे. तिने जांभया देत, खिडकीतून बाहेर बघत, तासभर एकसारखा तंबोरा चालवला.

तरीही बाईंनी मला सोडलं नाही. त्या म्हणाल्या, वाजवणं ठीक आहे, लावायला शिका. लावणं म्हणजे सुरात आणणं. आधी जोडीची एक तार पेटीच्या स्वरावर आणायची. बाईंची पट्टी काळी चार. मग दुसरी तार पहिलीशी मिळवायची. मी खुंटी पिळली, तारा छेडल्या आणि म्हणालो, "मिळाली." बाई म्हणाल्या, "नाही." आणखी पिळली. "मिळाली?" "आता उलटी गेली." माझ्या कानाला दोन्ही तारा सारख्याच वाटत होत्या, पहिल्यापासून. शाळेत असताना मास्तरांनी फळ्यावरचं वाचायला सांगावं आणि सगळ्या वर्गाला दिसणारी अक्षरं आपल्याला दिसू नयेत, तेव्हा पोटात जे होतं तेच झालं. चष्मा लागला तेव्हा निदान चष्मा मिळाला होता.

बाईंनी मग एक युक्ती सांगितली, आणि ही ज्यांना आपण बेसूर आहोत अशी खात्री आहे त्यांनी जरूर करून बघावी. स्वर ऐकू नका, लाट ऐका. दोन तारा जवळजवळ सारख्या असतात पण नेमक्या सारख्या नसतात, तेव्हा एकत्र वाजल्या की आवाज हेलकावतो: मोठा, लहान, मोठा, लहान. एक तार सेकंदाला दोनशे वेळा कंप पावत असेल आणि दुसरी दोनशे दोन वेळा, तर सेकंदाला दोन हेलकावे. तारा जवळ येत गेल्या की हेलकावा लांबत जातो आणि एका क्षणी नाहीसा होतो. म्हणजे मला सूर कळण्याची गरज नव्हती, हेलकावा थांबला का एवढंच बघायचं होतं. टपालाच्या काट्याचा लंबक स्थिर झाला की वजन वाचायचं, हे मी आयुष्यभर केलेलं. डोळे मिटून ऐकलं आणि खरंच, ते हलणारं काहीतरी सापडलं. खुंटी अगदी किंचित फिरवली. लाट लांबली. आणखी किंचित. आणखी. मग खुंटी अडकली म्हणून मी जोर लावला आणि तार तुटून मनगटावर बसली. वळ उठला. बायकोने आधी तंबोऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

शेवटचा बारीक फरक खुंटीने काढायचा नसतो, हे मला तार तुटल्यावर कळलं. त्यासाठी घोडीच्या खालच्या बाजूला प्रत्येक तारेत एक मणी ओवलेला असतो. तो खाली सरकवला की तार जराशी ताणली जाते, वर घेतला की सैल पडते. आणि खुंटी अडकत असेल किंवा सरकत असेल, तर तिला खडू लावायचा. साधा, फळ्यावरचा खडू. बायकोच्या शाळेतला उरलेला डबा घरी होताच.

पुढचा प्रसंग दिवाळीच्या आधीचा. बाई गावाला जाणार होत्या आणि तंबोरा सरावासाठी आमच्याकडे आला. घरात साफसफाई चालू होती, मीही हाताशी फडकं घेतलं. भोपळ्यावरची नक्षी पुसली, खुंट्या पुसल्या, आणि घोडीवर बघतो तर प्रत्येक तारेखाली सुती दोऱ्याचा एकेक तुकडा अडकलेला. कुठल्या तरी गवसणीचे धागे निघाले असतील असं समजून मी ते चारही काढून केरात टाकले. मग वाजवून पाहिलं. आवाज येत होता, पण कोणीतरी तंबोऱ्याच्या तोंडावर हात ठेवल्यासारखा. तार वाजायची आणि तिथेच मरायची. बायकोला वाटलं थंडीने झालं. मलाही तेच बरं वाटलं. बाई परत आल्यावर त्यांनी एकदा छेडलं, वाकून घोडीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "जवारीचे दोरे कुणी खाल्ले?"

जवारी हा शब्द मी तोवर नुसता ऐकला होता. घोडीची पाठ सपाट दिसते पण सपाट नसते. तिला तारेच्या दिशेने अगदी सौम्य, डोळ्याला न कळणारा उतार असतो. तार हलते तेव्हा त्या उतारावर पुन्हापुन्हा टेकते आणि सुटते. या टेकण्या-सुटण्यातून जो झणझणीत, पसरणारा नाद निघतो, तो जवारीचा. तारेखालचा दोरा हे टेकणं कुठे सुरू होईल ते ठरवतो. बाईंनी नवा दोरा घालून तो नखाने सरकवून दाखवला. इकडे आणला, आवाज बंद. तिकडे नेला, नुसतीच भणभण. मधे कुठेतरी केसाच्या रुंदीएवढी एक जागा आली आणि तार एकदम उघडली. माझे पाठीवरचे केस उभे राहिले, हे मी पेन्शनर माणूस असूनही लिहितो. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर जो निबंध लिहिला तो याच चमत्काराबद्दल होता. तारेच्या एखाद्या ठरावीक जागी छेडलं तर काही उपस्वर (मूळ स्वराच्या पोटातले बारीक स्वर, असं मी समजतो) शास्त्राप्रमाणे उमटायलाच नकोत. तंबोऱ्यात आणि वीणेत मात्र ते ठणठणीत ऐकू येतात, आणि त्याचं कारण ही रुंद घोडी. प्रकाशाच्या संशोधनावर नोबेल मिळण्याच्या नऊ वर्षं आधी रामन यांनी ज्याच्यावर डोकं लावलं, ते मी केरात टाकलं होतं.

दोरे घातले तरी खर्ज मनासारखा बोलेना. बाईंनी तार बाजूला करून घोडीवर बोट फिरवायला लावलं. तारांनी वर्षानुवर्षं घासून हाडात चर पाडले होते. आता जवारी काढायला हवी, म्हणजे ती पाठ पुन्हा घासून नवा उतार द्यायला हवा. "हे काम मिरजेलाच," बाई म्हणाल्या. साताऱ्यात कुणी करत नाही का, म्हणून मी विचारलं. त्यांनी उत्तर दिलं नाही. ओटीवरचे कोल्हापूर, पुणे, मुंबईहून आलेले सगळे गाणारे तंबोरा मिरजेचाच घेऊन यायचे, एवढं मात्र मला मागाहून आठवलं.

सातारा स्टेशन गावापासून लांब, माहुलीकडे. तिथून सकाळच्या गाडीने निघालो. तारा सैल सोडल्या होत्या, भोपळ्याला दोन गोधड्या गुंडाळल्या होत्या आणि सगळं मांडीवर आडवं धरलं होतं. कोरेगावला चढलेल्या एका आजींनी विचारलं, "पेशंट हाय का?" रहिमतपूर आलं तेव्हा समोरच्या गृहस्थाने गोधडीतून डोकावणाऱ्या खुंट्या पाहिल्या आणि औंधचं नाव काढलं. ते दरवर्षी औंधच्या संगीत उत्सवाला जातात. किन्हईचे अनंत मनोहर जोशी, म्हणजे अंतुबुवा, यांनी आपले गुरू शिवानंद स्वामींच्या स्मरणार्थ १९४० साली तो सुरू केला. अंतुबुवा गाणं शिकले ते बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे. त्याच बाळकृष्णबुवांकडे मिरजेत विष्णु दिगंबर पलुसकर घडले. अंतुबुवांचे चिरंजीव गजाननबुवा औंध संस्थानात दरबारी गायक होते आणि व्हायोलिनही असं वाजवायचे की त्यांना गायक म्हणावं की वादक हा वाद अजून मिटलेला नाही. १९७२ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. गृहस्थ इतक्या प्रेमाने बोलत होते की मी मान डोलावत राहिलो. शेवटी त्यांनी विचारलं, "आपण कुठल्या घराण्याचे?" मी म्हणालो, "टपाल खातं."

ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी. सांगलीला निम्मा डबा उतरला. या सांगलीत एके काळी कृष्णाजी बल्लाळ देवल नावाचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर तारा मोजत बसले होते. आपल्या बावीस श्रुती नेमक्या किती कंपनांच्या, हे प्रयोगाने काढायचं त्यांनी मनावर घेतलं आणि त्यासाठी अब्दुल करीम खाँसाहेबांना गायला बसवलं. १९१० साली त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं. अर्नेस्ट क्लेमेंट्स नावाचे आयसीएस न्यायाधीशही या नादाला लागले आणि त्यातून श्रुतींची खास हार्मोनियम तयार करून घेण्यात आली. संगीतातल्या जाणत्यांनी त्यांचे आकडे मानले नाहीत, वाद झाले, हार्मोनियम मागे पडली. तरी मला हे निवृत्त सरकारी नोकर आवडतात. पेन्शनीत माणसाने काय करावं याचं एक बरं उदाहरण आहे. मला मात्र बावीस श्रुती लांबच राहिल्या, एक षड्ज दोनदा सारखा लावता येत नव्हता.

मिरजेत सतारमेकर गल्ली कुणालाही विचारा, सांगतात. दर्ग्याच्या बाजूला, अरुंद रस्ता, दोन्हीकडे दुकानं, आणि दुकानांच्या आत, माळ्यावर, छताला सगळीकडे भोपळे. मोठे, छोटे, उभट, चपटे. हे भोपळे पंढरपूर, मंगळवेढा भागातून येतात. जातीचेच कडू, खायचे नाहीत. वेलावर पूर्ण वाळू द्यायचे आणि मग आणायचे. कारागीर त्यांचं वरचं तोंड कापतात, पाण्यात भिजवून आतला गर आणि बिया काढतात, आत काटक्यांचे आधार देऊन हवा तसा आकार पसरवतात आणि पुन्हा वाळवतात. मग तुणीच्या लाकडाचा गळा, तबली आणि आतून पोकळ कोरलेली दांडी. वरून लाखेचं पॉलिश. एका दारात एक मुलगा पांढऱ्या पट्टीतून नखाएवढी पानं कापून दांडीवर वेल चिकटवत होता. मी त्याला विचारलं, हे यंत्राने करत नाहीत का? तो म्हणाला, "करतात की. पण मग वेल सरळ येतो."

बाईंनी ज्यांच्याकडे पाठवलं होतं ते चाचा सत्तरीच्या आसपासचे. जमिनीवर मांडी घालून, समोर एक सतार अर्धी उघडून बसलेले. "बसा की," म्हणाले, आणि तंबोरा घेऊन गोधड्या सोडायच्या आधीच भोपळ्यावर बाहेरून बोटाने टकटक केलं. "आमच्या वडलांच्या हातचा हाय." मी विचारलं, कसं ओळखलं? चाचांनी दांडीच्या मागच्या बाजूला लाखेत बुडालेली एक बारीक खूण दाखवली. मला वाटलं होतं आवाजावरून ओळखला. तसं मी बोलूनही गेलो. चाचा हसले. "आवाजावरनं वळखायला आधी आवाज तर निघू दे त्याचा."

पहिला प्रश्न आला, "पट्टी कुठली?" मी म्हणालो, काळी चार. "बाईंची?" होय. "आन् वाजवणार कोण?" मी. चाचांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि कानस उचलली.

इथून पुढचा वेळ मी या आयुष्यात विसरणार नाही, आणि त्यात सांगण्यासारखं घडलं जवळजवळ काहीच नाही. चाचा तार सैल करून घोडीवरून बाजूला घ्यायचे. कानस घोडीच्या पाठीवरून दोनदा, तीनदा फिरवायचे, इतक्या हलक्या हाताने की हाडाची पूड दिसायचीही नाही. फुंकर. तार पुन्हा जागेवर. खुंटी पिळून सुरात. दोरा सरकवून बघायचा. छेडून ऐकायचं. पुन्हा तार सैल. पुन्हा कानस. मधे कुणी तरी गिऱ्हाईक येऊन सतारीच्या तरफा विचारून गेलं. तरफा म्हणजे मुख्य तारांच्या खाली असलेल्या, आपोआप झंकारणाऱ्या तारा. त्याच्याशी बोलताना चाचांचा हात थांबला नाही. मग बारीक पॉलिश पेपर. मग पुन्हा छेडणं. एकदा त्यांनी मला विचारलं, "हे बरं का मघाचं?" मी म्हणालो, दोन्ही चांगले आहेत. चाचांनी मान हलवली आणि दुकानातल्या दहा-बारा वर्षांच्या नातवाला हाक मारली. त्याला तोच प्रश्न. पोरगं गोट्या खेळता खेळता आत आलं, ऐकलं, म्हणालं, "मघाचं बंद हाय, ह्ये जास्त उघडं झालं. मधलं करा," आणि पळालं. चाचांनी मधलं केलं.

मधल्या वेळात चाचांनी त्यांच्या घराण्याची गोष्ट सांगितली. गवयांची घराणी असतात तशीच इथे करणाऱ्यांची आहेत. मूळचे हे लोक शिकलगार, तलवारी-भाल्यांना धार लावणारे. इंग्रजी अमलात हत्यारांचं काम गेलं. मिरजेत पटवर्धनांच्या दरबारी गवई यायचे, त्यांचे तंबोरे प्रवासात मोडायचे आणि दुरुस्तीला जवळपास कुणी नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब नावाच्या शिकलगाराने ते काम हाती घेतलं, दुरुस्तीतून नवं बनवायला शिकले, आणि आज गल्लीतली बहुतेक घरं आपलं नातं त्यांच्यापर्यंत नेऊन पोचवतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मी अभिनंदन केल्यावर चाचा म्हणाले, "कागद चांगला हाय. पोरं बसत न्हाईत कामाला, त्येचं काय?" मी त्या गोट्या खेळणाऱ्या पोराकडे पाहिलं. चाचांनीही पाहिलं. मोबाइलमधल्या तानपुऱ्याबद्दल विचारायचं माझ्या मनात होतं, ते मी गिळलं. त्यांच्याच खिशात तो वाजला, रिंगटोन म्हणून.

मग चाचा म्हणाले, "तुम्ही वाजवणार ना? मग तुम्हीच लावा." मी बसलो. जोड लावायला घेतली. लाट सापडली, लांबली, मी घाबरून खुंटी सोडली आणि मणी धरला. लाट थांबली. चाचा काही बोलले नाहीत, म्हणजे बरोबर असावी. खर्ज त्याच पद्धतीने. मग पंचम. सगळं लावून झाल्यावर सावकाश छेडत राहिलो तेव्हा खर्जाच्या वर कुठेतरी आणखी एक स्वर वाजू लागला. बारीक, पण स्वच्छ. तो कुठल्याही तारेत लावलेला नव्हता. मी थांबून चाचांना सांगितलं, बाहेर कुणीतरी काहीतरी वाजवतंय. चाचा एवढे हसले की ठसका लागला. "गंधार हाय तो. खर्जातला." चांगला लागलेला तंबोरा स्वतःच गंधार बोलतो, खर्जाच्या पाचपट कंपनांचा उपस्वर दोन सप्तकं वर जाऊन नेमका शुद्ध गंधाराच्या जागी पडतो. गवयांच्या तोंडून स्वयंभू गंधार हे नाव मी ऐकलं होतं आणि तो एखादा अध्यात्माचा प्रकार असावा अशी माझी समजूत होती.

पैसे देताना चाचांनी सांगितलं की आलाच आहात तर दर्ग्यात जाऊन या. ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या त्या आवारात अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. १९३७ साली दक्षिणेत दौऱ्यावर असताना चेन्नईजवळच्या एका छोट्या स्टेशनावर त्यांचा अंत झाला आणि त्यांना मिरजेला आणलं. उरुसात दरवर्षी तिथे गाणं होतं. खाँसाहेब बीन वाजवायचे, वाद्यं स्वतः दुरुस्त करायचे आणि तंबोरा लावण्यात फार काटेकोर होते, असं चाचा म्हणाले. मी गोधड्यांत गुंडाळलेला तंबोरा खांद्याशी धरून आवारात उभा राहिलो. फुलवाल्याने विचारलं, "गाणार का?" मी घाईने नाही म्हणालो आणि स्टेशनचा रस्ता धरला.

गाण्याचा कार्यक्रम साताऱ्यातच, एका सभागृहात. बाई पुढे, बायको आणि एक विद्यार्थिनी साथीला, मी मागे, दोन तंबोऱ्यांपैकी डावीकडच्यावर. उजवीकडे ती सातवीतली मुलगी, आता आठवीत गेलेली. दिव्यांच्या उष्णतेने पंचम उतरायला लागला, हे तिला आधी कळलं, मग बाईंना, मग मला. बाईंनी गाता गाता, मागे न बघता, हात मागे करून माझ्या तंबोऱ्याचा मणी किंचित हलवला आणि पुढची तान घेतली. श्रोत्यांतल्या एकाही माणसाला काही समजलं नसेल. मला समजलं, हे मी प्रगतीत धरतो. आभार मानताना निवेदकाने तबला, पेटी, ध्वनिव्यवस्था, चहा देणारे, सगळ्यांची नावं घेतली.

पुढच्या शिकवणीला मी नेहमीपेक्षा लवकर गेलो आणि बाई यायच्या आधी तंबोरा लावून ठेवला. जोड, खर्ज, पंचम, मणी, दोरा, सगळं जागच्या जागी. गंधारही बोलत होता. बाई आल्या, ऐकलं, "छान लागलाय," म्हणाल्या. पहिल्यांदाच. मग बसत बसत बायकोला म्हणाल्या, "आजपासून मालकंस घेऊ." आणि माझ्याकडे वळून, "मालकंसात पंचम नाही. पहिली तार मध्यमावर उतरवा. आणि उतरवलीत की दोराही पुन्हा बसवावा लागेल, आहे त्या जागी बोलणार नाही ती."

मी खडू शोधायला लागलो.